शौकतभाई, तुमची हंगेरी

शौकतभाई,

तुमच्या जाण्याचे सगळे कागद सव्वादोन दिवसांत झाले. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटणार, म्हणून आधीच सांगून टाकते. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचा कागद, दूतावासाचं ना-हरकत पत्र, पासपोर्टवर रद्दचा शिक्का, विमान कंपनीची पावती. कुठेही कुणी ‘उद्या या’ म्हणालं नाही. सत्तावीस वर्षं तुम्ही या देशात लोकांचे कागद घेऊन खिडक्यांसमोर उभे राहिलात, आणि तुमच्या वेळी प्रत्येक खिडकीतला माणूस दोन शब्द चांगले बोलला आणि शिक्का मारून मोकळा झाला. एका खिडकीतल्या कतारी बाईंनी तर मला पाण्याची बाटलीही दिली. तुम्ही असता तर बाहेर आल्यावर चष्मा पुसत म्हणाला असता, “फार लवकर झालं, ताई. कायतरी चुकलेलं असणार.”

चुकलं होतंच. दाखल्यावर तुमचा व्यवसाय ‘सुतार’ असा आहे.

मला त्याचं काही वाटलं नाही, कारण तुमच्या ओळखपत्रावर पहिल्या दिवसापासून तेच होतं. तुम्ही आलात टायपिस्ट म्हणून, कंपनीकडे व्हिसा शिल्लक होता सुताराचा. इथे याला कुणी हसत नाही. आपला स्टोअरकीपर कागदावर अजून मेंढपाळ आहे. पण चार दिवसांनी झुबेदाभाभींचा म्हसळ्याजवळच्या तुमच्या गावातून फोन आला. रडून आवाज बसला होता. म्हणाल्या, “संध्याताई, त्यांच्या कागदावर सुतार कसा लिहिलाय? इथं लोक विचारतात, ते तिकडे सुतारकाम करीत होते काय? घरातला पाट मोडला तर कधी खिळा मारला नाही त्यांनी.” मी समजावलं. त्यावर त्या म्हणाल्या, “मग ते तिकडे करीत होते तरी काय?”

भाभींना मी काय सांगायचं, शौकतभाई? तुम्ही हंगेरी चालवत होता, हे?

आज तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. बसमध्ये तुमच्या जागेवर अजून कुणी बसत नाही. पहाटे सव्वापाचला दोह्यातून निघणारी आपली दुखानच्या साइटची बस, डाव्या बाजूची चौथी रांग, खिडकी तुमची आणि कडेची जागा माझी. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, बाहेर बघायला वाळू आणि विजेचे खांब. नऊ वर्षांपूर्वी मी डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून नवीन लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, “ताई, कराडच्या ना तुम्ही? इतिहास घेतलेला कॉलेजात?” मी हो म्हटलं. मी हो म्हणायला नको होतं.

ते पुस्तक तुमच्या हाती कसं आलं हे तुम्ही मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. साइटवरचा एक हंगेरियन सर्व्हेअर नोकरी संपवून घरी निघाला. त्याची खोली रिकामी करायचं काम तुमच्याकडे. कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं, ‘ऑफिसेस’ हा शब्द मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात. तुम्हाला वाटलं, ऑफिस कसं चालवावं याचं पुस्तक आहे, फायलिंगची काही नवी पद्धत असेल. चाळीस पानं वाचल्यावर तुमच्या लक्षात आलं की हे हंगेरीच्या जुन्या सरकारी दफ्तरांबद्दल आहे. “पण तोपर्यंत राजा ओढ्यात बुडून मेला होता, ताई. मग कसं सोडणार?”

मग मलाही सोडता आलं नाही. तरुण राजा तुर्कांशी लढायला गेला, हरला, पळताना चिलखतासकट ओढ्यात पडला. गादी रिकामी. त्याच्या बायकोचा भाऊ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातला, तो म्हणाला, गादी माझी. आणि याची बायको कोण, तर मेलेल्या राजाची सख्खी बहीण. “म्हणजे साटंलोटं,” मी म्हणाले. तुम्ही पुस्तक मिटलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “एवढ्या पानांत त्या लेखकाला जमलं नाही ते तुम्ही एका शब्दात सांगितलंत.” त्या दिवशी तुम्ही मला आपल्या डब्यातली घावनं दिलीत. मेव्हण्याने घेतलेलं राज्य त्याच्या घराण्याने जवळजवळ चारशे वर्षं सोडलं नाही, हे तुमचं अत्यंत आवडतं वाक्य. कुठल्याही लग्नाची बातमी आली की तुम्ही ते म्हणायचात.

मात्र तुम्हाला राजांमध्ये फारसा रस नव्हता. तुमचा जीव कारकुनांत अडकलेला. परका राजा, तो राहतो व्हिएन्नात, त्याला हंगेरियन येत नाही, हंगेरियनांना त्याची जर्मन नको, म्हणून सगळा कारभार लॅटिनमध्ये, जी कुणाच्याच घरी बोलत नाहीत. “अगदी आपल्या ऑफिसातल्या इंग्रजीसारखं,” तुम्ही म्हणायचात. राजाजवळ व्हिएन्नात हंगेरीची चॅन्सलरी, म्हणजे राजाची पत्रं काढणारी कचेरी. तिच्याकडून पत्र गेल्याशिवाय हंगेरीत हुकूम कायदेशीर नाही. पैशांसाठी वेगळं खातं, ते कागदावर व्हिएन्नाच्या खजिन्याच्या बरोबरीचं आणि प्रत्यक्षात त्याच्या तोंडाकडे बघणारं. राजाच्या वतीने देश सांभाळायला पोझोनी गावात एक मंडळ. आणि खाली परगणे. तुमचा नकाशा तयारच होता: परदेशातलं आपलं मुख्य कार्यालय म्हणजे व्हिएन्ना, दोह्याशेजारच्या लुसैलच्या टॉवरमधलं ऑफिस म्हणजे पोझोनी, आणि आपण दुखानवाले म्हणजे परगणा. आपली कंपनी ऑस्ट्रियन आहे का हे तुम्ही एकदा मुद्दाम शोधून काढलंत. ती नाही हे कळल्यावर दोन दिवस तुमचा मूड गेला होता.

आणि मग तुम्ही ते सगळं मराठीत लिहायला काढलंत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला माणूस, अक्षर छापल्यासारखं, शुद्धलेखन मात्र स्वतःचं. सात वह्या झाल्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घ मी बघायचं आणि शब्दांवरून भांडणही मीच करायचं. चॅन्सलरीला तुम्ही लिहिलंत ‘फडणिशी’. मी सांगितलं, फडणीस हिशेब बघतो, पत्रं लिहितो तो चिटणीस, तेव्हा ‘चिटणिशी’. तुम्ही म्हणालात, चिटणीस म्हटलं की सोसायटीचा चिटणीस डोळ्यांपुढे येतो, वर्गणी मागणारा, त्याच्या हातात राजमुद्रा शोभत नाही. हे भांडण चार वर्षं चाललं. माझी मुलगी मुक्ता एकदा घरी तुमच्यासमोर म्हणाली, “हंगेरी अंकल, why don’t you just say chancellery?” आपण दोघांनीही तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती उठून आत गेली. पोझोनीच्या मंडळाला मी ‘प्रतिनिधी मंडळ’ सुचवलं, कारण आपल्याकडेही प्रतिनिधी हे छत्रपतींच्या वतीने काम बघणारं पद होतं. तुम्ही ते आनंदाने लिहिलंत, आठवडाभर वहीकडे बघत बसलात आणि म्हणालात, “नको ताई. वाचणाऱ्याला वाटेल, निवेदन घेऊन आलेत.”

पण खरी गोष्ट परगण्यांची होती. वरून राजाचा हुकूम आला आणि तो देशाच्या कायद्यात बसत नाही असं परगण्याला वाटलं, तर ते नकार देत नसत. बंड नाही, आरडाओरडा नाही. हुकूम सभेत वाचला जाई, आदरपूर्वक स्वीकारला जाई आणि आदरपूर्वक बाजूला ठेवला जाई. नंतर वर एक नम्र पत्र जाई. त्याला उत्तर येईपर्यंत महिने जात. हे वाचलंत त्या दिवशी तुम्ही बसमध्ये इतका वेळ हसत होता की ड्रायव्हरने आरशातून बघितलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या कपाटात एक नवी निळी फाईल आली. कण्यावर मराठीत लिहिलेलं: ‘आदरपूर्वक’.

तीत पहिला कागद गेला तो स्वयंपाकाच्या खोलीचा. कॅम्पमधल्या बॅरेकींच्या मागे ती खोली, तिथे आपली माणसं संध्याकाळी भाकऱ्या थापायची. बीडचा दत्तू फिटर त्या खोलीचा राजा. दिवसभर पाइप जोडायचा आणि सहा वाजले की परातीपुढे बसायचा. मुख्य कार्यालयाने हुकूम काढला: कॅम्पमध्ये स्वयंपाक बंद, सर्वांनी मेसमध्ये जेवावं. दत्तू तुमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. “भाई, त्या मेसचा भात मी अकरा महिने खाल्लाय. पुन्हा नाही खाणार. मी तिकीट काढतो.”

“तिकीट काढू नको,” तुम्ही म्हणालात. “पीठ किती आहे?”

“महिन्याचं आहे.”

“अजून मागव.”

मग तुम्ही पत्र लिहिलंत. अजून मला तोंडपाठ आहे. आपला आदेश अत्यंत आदरपूर्वक प्राप्त झाला, अंमलबजावणीपूर्वी एका मुद्द्यावर मार्गदर्शनाची नम्र विनंती: ‘स्वयंपाक’ या शब्दात चहा येतो काय? सहा आठवड्यांनी उत्तर आलं, चहा येत नाही. तुम्ही आभार मानलेत आणि विचारलंत, मेसमधून आणलेलं अन्न गरम करणं येतं काय? दोन महिने. ते येत नाही. मग तिसरं पत्र: आमच्याकडील कामगार पिठाची एक चपटी वस्तू तव्यावर शेकतात, शेकणे हे गरम करण्यात धरावे की स्वयंपाकात? सोबत भाकरीचा फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून. आपले साइट मॅनेजर कुरियनसाहेब यांच्या सहीने ते पत्र गेलं. सही करताना ते म्हणाले, “शौकत, ये लोग पागल हो जाएंगे.” तुम्ही म्हणालात, “इन्शाल्ला, सर.”

पाचव्या पत्रानंतर मुख्य कार्यालयाने समिती पाठवली. तीन गोरी माणसं, पांढरी हेल्मेटं, हातात तुमचाच भाकरीचा फोटो. मधल्या काळात तुम्ही त्या खोलीला पांढरा रंग लावून घेतला होता, गॅसची नळी बदलली होती, आग विझवायचे दोन सिलिंडर टांगले होते आणि दत्तूला टोपी घालायला लावली होती. दत्तूने भाकरी थापली, ती फुगली, तिघांनी एकदम मोबाइल काढले. त्यातल्या सर्वांत मोठ्या साहेबाने ठेचा चटणी समजून चमचाभर खाल्ला. मग पाण्याची अख्खी बाटली संपवली. अहवालात त्याने लिहिलं की ही जागा स्वयंपाकघर नसून ‘पारंपरिक अन्नकक्ष’ आहे आणि ती कॅम्पच्या मनोबलासाठी आवश्यक आहे. हुकूम रद्द झाला. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणालात, “पोझोनीत असंच झालं असतं.”

त्या फायलीत मग पुष्कळ कागद गेले. सुट्टीच्या अर्जाचा नवा अकरा पानी फॉर्म गेला. सगळ्यांनी सकाळी दहा मिनिटं हसण्याचा व्यायाम करावा, हा हुकूम गेला. प्रत्येकाला मी माझ्या हाताने इनवर्ड नंबर दिला आणि तुमच्याकडे पाठवला. मला मजा वाटायची. कारकुनी आयुष्यात आपण काही थांबवू शकतो असं पहिल्यांदाच वाटत होतं.

आणि मग गेल्या वर्षी तो आला. पंचेचाळीसच्या पुढच्या प्रत्येकाची हृदयतपासणी, कंपनीच्या खर्चाने, तीन महिन्यांच्या आत.

मला तो हुकूम बरा वाटला. पण त्याच दुपारी दत्तू आला. तो सत्तेचाळीसचा आहे. त्याच्या मागे आणखी सहा-सात जण. आपल्याकडचा एक रिगर, क्रेनला सामान बांधणारा, आधी एकदा गुडघा दाखवायला गेला होता, डॉक्टरने ‘अनफिट’ लिहिलं आणि महिन्यात तो घरी गेला, हे सगळ्यांना पाठ होतं. दत्तू म्हणाला, “भाई, गुडघ्यावरून माणूस घालवला. छातीवरून ठेवतील काय? पोरगी बारावीला आहे. हे तुमच्या त्या फायलीत टाका.”

तुम्ही टाकलंत.

त्या आठवड्यात आपण बसमध्ये जितके भांडलो तितके आधी कधीच भांडलो नव्हतो. मी तुम्हाला तुमच्याच वहीतला टोपीवाला राजा काढून दाखवला. त्याच हॅब्सबर्ग घराण्यातला पुढचा राजा, ज्याने डोक्यावर मुकुट घ्यायचंच टाळलं, कारण मुकुट घ्यायचा तर कायदे पाळायची शपथ घ्यावी लागते. म्हणून लोक त्याला टोपीवाला म्हणायचे. त्याने मुकुट उचलून व्हिएन्नाला नेला, परगण्यांची सत्ता काढली, लॅटिन बंद करून जर्मन आणली, घरांना नंबर घातले. सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या, तुम्हीसुद्धा दोन वह्या. “पण त्याने कुळांना मालकाला न विचारता लग्न करायची मोकळीक दिली,” मी म्हणाले. “दुसऱ्या पंथाच्या लोकांना प्रार्थना करू दिली. तेही हुकूमच होते ना? तुमच्या परगण्यांना त्याचाही राग आला. का, तर परगणे जमीनदारांचे होते. बाजूला ठेवणाऱ्याला सगळेच हुकूम एका रंगाचे दिसायला लागतात, शौकतभाई. हा त्यातला चांगला हुकूम आहे.”

वाटेतलं शहानिया गाव मागे गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “त्या जमीनदारांना कुळांनी येऊन सांगितलं नव्हतं, थांबवा म्हणून. मला दत्तूने सांगितलंय.”

खरं सांगायचं तर तेव्हा मला तुमचा मुद्दा पटला, आणि पटला म्हणून रागही आला. मी पुढचे तीन दिवस कानात इअरफोन घालून बसले. चौथ्या दिवशी तुम्ही माझ्या मांडीवर घावनांचा डबा ठेवलात आणि आपण पुन्हा चिटणिशीवरून भांडायला लागलो. ते भांडण सोपं होतं.

त्या हुकुमावर मुख्य कार्यालयाने दोनदा फोनवर विचारणा केली. तुम्ही कळवलंत, प्रक्रिया सुरू आहे. तेव्हा तुमच्या शर्टाच्या खिशात गॅसच्या गोळ्यांची पट्टी असायची, जिने चढताना तुम्ही मधल्या वळणावर थांबून भिंतीवरची सुरक्षेची पोस्टरं वाचायचात. तीच तीच पोस्टरं. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, “स्पेलिंग चुकलंय का बघत होतो.” मी हसले. शौकतभाई, मी खरंच हसले.

एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही, माझ्या नवऱ्याला, मंदारलाही नाही. तुम्ही गेलात तो मंगळवार. त्याच्या आधीच्या गुरुवारी, घरी येताना, बस दोह्यात शिरत असताना तुम्ही म्हणालात, “ताई, ती डॉक्टरवाली फाईल एकदा काढून बघायला पाहिजे.” तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. मी बॅगेत चाव्या शोधत होते. मी म्हणाले, “बघू. आधी चॅन्सलरी म्हणजे चिटणिशी हे कबूल करा.” तुम्ही हसलात. म्हणालात, “मग राहू दे.” आणि उतरलात.

रविवारी तुम्ही विषय काढला नाहीत. सोमवारी माझ्या लक्षातही नव्हतं. मंगळवारी साडेनऊला तुम्ही माझ्या टेबलावरचं पंचिंग मशीन मागायला आलात, मी ते दिलं, तुम्ही ते घेऊन वळलात आणि कपाटाला टेकलात. मला वाटलं, काही आठवत असेल तुम्हाला. मग तुम्ही खाली बसलात. अॅम्ब्युलन्स लवकर आली. कुरियनसाहेब तुमचा हात धरून बसले होते आणि मल्याळममध्ये बोलत होते, त्यांना वाटत होतं तुम्हाला कळतंय. दत्तू दारात उभा होता, अंगावर कामाचे कपडे, हात ग्रीसने भरलेले. तो पुढे आला नाही. त्याला मी तेव्हा पाहिलं आणि त्याला काय वाटतंय ते मला कळलं, कारण मलाही तेच वाटत होतं.

तुमची पेटी मुंबईला गेल्यानंतर, त्या शनिवारी, सुट्टी असूनही मी ऑफिसात गेले. निळी फाईल काढली. एकूण एकतीस कागद. तीस वाचताना मी हसत होते, हे तुम्हाला सांगायला हवं; हसण्याच्या व्यायामावरचं तुमचं पत्र तर मी दोनदा वाचलं, त्यात तुम्ही विचारलं आहे की स्मित हे हास्यात धरावे काय. एकतिसावा वाचला आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या मागे काहीच जोडलेलं नाही. भाकरीच्या कागदामागे तुमची पाच पत्रं होती. सुट्टीच्या फॉर्ममागे चार. या एका कागदावर तुम्ही वर काहीच विचारलं नव्हतंत. नुसता ठेवून दिला होता.

मला तुमचा राग आला. रिकाम्या ऑफिसात मी मोठ्याने म्हणाले, “एक प्रश्न होता, शौकतभाई. एकच विचारायचा होता.” अनफिट निघालेल्याचं काय करणार, एवढाच. तो तुम्ही का विचारला नाहीत तेही मला माहीत आहे. चहाबद्दल काहीही उत्तर आलं असतं तरी चाललं असतं. या उत्तराची तुम्हाला भीती वाटली. दत्तूसाठी वाटली, आणि मला आता वाटतं, थोडी स्वतःसाठीही. अठ्ठावन्न वर्षांचा, कागदावर सुतार असलेला टायपिस्ट. पण मग तो प्रश्न मीही विचारू शकले असते. इनवर्ड नंबर माझ्या हातचा आहे.

रविवारी फाईल घेऊन मी कुरियनसाहेबांपुढे बसले. त्यांनी शेवटचा कागद वाचला, चष्मा काढला. “मुझे बोला था, प्रोसेस में है.”

“प्रोसेस में ही था, सर.”

फाईल मिटून माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “लिखो. उसके जैसा लिखो.”

मी लिहिलं. आपला आदेश अत्यंत आदरपूर्वक प्राप्त झाला, अंमलबजावणीपूर्वी एका मुद्द्यावर मार्गदर्शनाची नम्र विनंती. उत्तर चार दिवसांत आलं. तपासणीत दोष आढळल्यास उपचार कंपनी करील, हलकं काम देईल, त्या कारणावरून कुणालाही घरी पाठवलं जाणार नाही. खाली एक ओळ होती की हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, इतर कुठल्याही साइटने तो विचारला नव्हता. ते पत्र मी छापून घेतलं आणि दत्तूला नेऊन दिलं. त्याने परातीतले हात पुसले, कागद कोपऱ्याला धरून वाचला, आणि विचारलं, “हे आधी विचारलं असतं तर हेच उत्तर आलं असतं?”

मी म्हणाले, “माहीत नाही.” खोटं बोलले. आलं असतं.

तुम्ही चुकलात, शौकतभाई. तुमच्याशी भांडण जिंकायची मला इतकी नावड कधीच वाटली नव्हती. आणि चुकलात तरी त्या खोलीत रोज संध्याकाळी साठ भाकऱ्या होतात त्या तुमच्यामुळे, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच फायलीत आहेत, मी तरी वेगळी कशी काढू? टोपीवाल्या राजाने मरणाच्या दारात आपले जवळजवळ सगळे हुकूम मागे घेतले आणि मुकुट परत पाठवला. चांगले दोन-तीन तेवढे ठेवले. तुम्ही शेवटच्या वहीत त्याच्याबद्दल लिहिलंय, ‘माणूस वाईट नव्हता, घाई फार’. सातवी वही तिथेच संपते. भाभींना मी त्या वह्या पाठवणार आहे, शुद्धलेखन दुरुस्त करून. ते इथे काय करत होते, ते त्यांना त्यातून कळेल. चॅन्सलरीला मी ‘फडणिशी’च ठेवलं आहे. तळटीप मात्र माझी आहे आणि ती दीड पान आहे.

तपासणीची पहिली बस गेल्या आठवड्यात गेली. बत्तीस जण. दत्तूचा रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी चालू झाली, तो कामावर आहे आणि मेसमधल्या लोकांना मीठ कमी खाण्यावर भाषणं देतो. कुरियनसाहेबांना जिने बंद केले आहेत. मी सेहेचाळीसची, म्हणून माझाही नंबर होता. डॉक्टर लखनौकडचा, तरुण, घाईत. मशीनच्या पट्ट्या लावल्या, काढल्या, सगळं ठीक म्हणाला आणि फॉर्म भरायला बसला. वय, वजन, साखर. मग त्याने मान वर न करता विचारलं, “फॅमिली में किसी की डेथ हुई है, हार्ट से?”

मी म्हणाले, “हां. पिछले महीने.”

“रिश्ता?”

मी सांगितलं. नऊ वर्षं बसमध्ये शेजारी बसायचे.

त्याने पेन थांबवलं. समजावल्यासारखं म्हणाला, “मॅडम, कलीग काउंट नहीं होता. इस कॉलम में सिर्फ ब्लड रिलेशन.”

“पता है,” मी म्हणाले. “आप लिख लीजिए.”

मग त्याने फॉर्मवर वाकून तुमचं नाव विचारलं, आणि मी ‘शौकत’मधला औकार त्याला नीट सांगितला.